वारसाचा रकाना

मुंबईच्या मध्यवर्ती बँकेत मला कारकुनाची नोकरी लागली, तेव्हा इंदापुरात आमच्या घरी ते पत्र तीन वेळा वाचून दाखवावं लागलं. पहिल्यांदा थोरल्या दादांना, मग चुलत्यांना, आणि शेवटी अंगणात जमलेल्या सगळ्या भाऊबंदांना. पत्र इंग्रजीत होतं. मी एकेक ओळ वाचायचो आणि तिचं मराठी करून सांगायचो. पगाराच्या आकड्यावर कोणी फारसं बोललं नाही. लोक थबकले ते पुढच्या मजकुरावर. आजारी पडलं तर बँकेचा डॉक्टर फुकट तपासणार. आजारपणाची रजा मिळणार, आणि त्या दिवसांचा पगारही मिळणार. दर महिन्याला पगारातला थोडा भाग फंडात जाणार आणि बँक आपल्या पदरची भर त्यात घालणार. नोकर मेला, तर तो सगळा फंड त्याच्या माणसाच्या हाती देणार.

"म्हंजी कामाला न जाता पगार?" चुलते म्हणाले. "आरं, मग कामाला जातंय तरी कोण?"

"आन् मेल्यावर देत्यात म्हंजी मरंस्तवर पिळून घेत आसत्याल," भाऊबंदांपैकी एकजण म्हणाला, आणि अंगण हसलं.

दादा हसले नाहीत. त्यांनी ते पत्र माझ्या हातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. दादा चौथीपर्यंत शिकले होते. वडील गेले तेव्हा त्यांनी शाळा सोडली आणि कालव्यावर पाटकऱ्याचं काम धरलं. ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे शेताला पाणी सोडायचं आणि त्यावरून होणारी भांडणं अंगावर घ्यायची, हे ते काम. पायाच्या बोटांमधल्या चिखल्या त्यांना बारा महिने असत. त्यांच्या त्या पायांवर मी बारामतीला हायस्कूल केलं आणि पुण्याला बी. ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही नव्हतं. हे मी उपकार सांगायचे म्हणून लिहीत नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे, म्हणून लिहितो.

बँकेविषयीही आधीच सांगून टाकतो. तिने जे कबूल केलं ते सगळं दिलं. माझ्या आयुष्यात दिलेला शब्द इतक्या नेमकेपणाने पाळणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. चूक झाली ती माझ्या हातून.

बँक नवीन होती. माणसं भराभर भरली जात होती. मला नोकरांच्या कागदपत्रांच्या खात्यात टेबल मिळालं. घाटावरच्या शिपायांची बोली मला येते म्हणून त्यांचे फॉर्म भरण्याचं काम हेडक्लार्कांनी माझ्याकडे दिलं. हेडक्लार्क मुंबईचेच, वयस्क गृहस्थ. चष्मा कपाळावर चढवून ते चष्मा शोधत असत. कामात मात्र त्यांची नजर कधी चुकत नसे.

त्या पहिल्याच महिन्यात पणदऱ्याकडचा एक शिपाई माझ्यासमोर उभा राहिला. माझ्याच वयाचा, उंच; नव्या खाकी कोटाच्या बाह्या त्याच्या मनगटापर्यंत पोचत नव्हत्या. मी इंदापूरचा हे कळल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"मंग तुमी आमचंच की, रावसाहेब! कालव्याचं पानी तुमी पिलंय, आमी बी पिलंय. आमी वर आसल्यानं आमाला जरा सोच्छ मिळतंय येवढंच."

मी हसलो. नाव, गाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा असं सगळं लिहून झालं. मग फंडाचा कागद आला. त्यात एक रकाना होता : नोकराच्या मृत्यूनंतर फंड कोणाला द्यावा. मी तो वाचून दाखवल्यावर त्याने टोपी काढून हातात घेतली.

"नोकरीच्या पयल्याच दिशी मरनाचं का इचारताय वो?"

"नियम आहे. सगळ्यांना विचारतात. मलाही विचारलं."

"लिवा मग. थोरल्या भावाचं नाव लिवा. घरचा कर्ता हाय त्यो."

मी टाक दौतीत बुडवला. पलीकडच्या टेबलावरून हेडक्लार्क म्हणाले, "लग्न झालंय ना त्याचं? बायकोचं नाव घालायला सांगा. पुढे घोटाळे होतात."

मी शिपायाकडे पाहिलं. तो मान खाली घालून टोपीची कड चाचपत होता. बायकोचं नाव चारचौघांत उच्चारायची त्याला लाज वाटत होती, हे मला दिसलं. मला त्यात वावगं वाटलं नाही. बायकोला मी तरी नावाने कधी हाक मारली होती! शिवाय भाऊ असताना बायकोचं नाव पुढे करणं म्हणजे घर फोडण्याची भाषा, असंच आम्हा दोघांना लहानपणापासून ठाऊक होतं. मी स्वतःच्या कागदावर आठच दिवसांपूर्वी दादांचं नाव लिहिलं होतं, आणि लिहिताना माझे डोळे भरून आले होते.

तेव्हा मी हेडक्लार्कांना म्हणालो, "साहेब, आमच्याकडे तशी पद्धत नाही. एकत्र घर असतं. मोठा भाऊ सगळ्यांना सांभाळतो."

हे मी अभिमानाने म्हणालो. मुंबईच्या माणसाला आमच्या मुलखाची रीत समजावून सांगतो आहे, असं मला वाटलं. हेडक्लार्कांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "बरं. तुम्हाला माहीत." मी थोरल्या भावाचं नाव लिहिलं, शिपायाचा अंगठा उमटवून घेतला आणि कागद फायलीत लावला.

तीन वर्षं गेली. तो रोज दिसायचा. गावाहून कोणी आलं की गुळाचा खडा माझ्या टेबलावर ठेवायचा. त्याला मुलगी झाली. तेव्हा त्याने पेढे न वाटता शेंगा वाटल्या आणि म्हणाला, "पोरगा झाला आसता तर पेढं. पर शेंगा बी आपल्या रानातल्या हायत्या."

तिसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस त्याला विषमज्वर झाला. परळला तालुक्यातल्या दहाबारा माणसांबरोबर तो एका खोलीत राही. बँकेचा डॉक्टर तिथे जिना चढून दोनदा गेला, मग त्याला इस्पितळात हलवलं. रजेच्या कागदावर अंगठा घ्यायला मी गेलो, तेव्हा तो ओळखू येत नव्हता. दाढीत पांढरे केस दिसत होते. अठ्ठावीस वर्षांचा माणूस.

"रावसाहेब, पगार कापत न्हाईत न्हवं?"

"नाही. पूर्ण पगारी रजा आहे."

"थोरल्याला कळवा. म्हनावं, निजून पगार खातोय त्यो." एवढं बोलून त्याला धाप लागली. अंगठा मी त्याचा हात धरून उमटवला. फायलीतला तो फंडाचा कागद मला त्या वेळी आठवलाही नाही. खाटेपाशी मी चांगला पाव तास बसलो होतो आणि त्याला शुद्ध होती. हे मी पुढे पुष्कळदा मनाशी मोजून पाहिलं आहे.

पाचव्या दिवशी तो गेला. क्रियाकर्म खोलीतल्या माणसांनी केलं. फंडाच्या पावतीवर वारसाचा अंगठा आणि गावच्या पाटलाची साक्ष हवी होती. टपालाने हे काम महिनोन् महिने रेंगाळतं. मी त्याच मुलखातला, म्हणून रजेवर जाताना कागद बरोबर नेतो असं मी आपण होऊन सांगितलं. हेडक्लार्कांनी फाईल उघडली, तो रकाना पाहिला आणि काही न बोलता फाईल माझ्याकडे सरकवली. त्यांनी बोलायला हवं होतं. निदान मला तसं वाटलं.

दौंडला गाडी बदलून छोट्या गाडीने बारामती, आणि तिथून एका गुळाच्या रिकाम्या बैलगाडीत बसून मी त्या गावी पोचलो. तेरावं होऊन गेलं होतं. घर तीन खणांचं, मातीचं, सारवून स्वच्छ. थोरला भाऊ चाळिशीचा असेल. गाव त्याला तात्या म्हणे. मला बघून तो रडला. ते रडणं खरं होतं. पाटील आले, घोंगडं टाकलं, गुळाचा चहा आला. मी कागद वाचून दाखवला. रक्कम ऐकून तात्याने पाटलांकडे बघितलं.

"येवढं?"

"तीन वर्षांत त्यांचं कापलेलं आणि बँकेने घातलेलं मिळून."

"बँकंनं घातल्यालं बी? फुकाट?" त्याने कानाच्या पाळीला हात लावला. मग हळूहळू तो आपल्या मनातलं बोलू लागला. इंदापूरच्या बाजूला साखर कारखाना निघाला होता. गाडी आणि बैलजोडी असेल त्याला ऊस वाहायचं काम मिळत होतं. बैलजोडी घेतली तर घर वर येईल. म्हणण्यात वाईट काही नव्हतं.

मी म्हणालो, "तात्या, त्यांची बायको आणि मुलगी आहे. यातलं काही त्यांच्या नावाने बारामतीच्या पोस्टात ठेवलंत तर बरं होईल."

"का? आमी काय तिला उपाशी मारतोय व्हय? खाईल आमच्यात दोन घास."

"तसं नाही. पण हक्क खरा तिचा आहे."

तात्याने चहाची कपबशी खाली ठेवली. "कागदावर कुनाचं नाव हाय?"

"तुमचं."

"त्येनं शुद्धीत लिवलंय का नशापाण्यात?"

"शुद्धीत."

"आता मला सांगा, तुमचं लगीन झालंय?"

"झालंय."

"मग तुमच्या कागदावर कुनाचं नाव हाय?"

मी हातातले कागद सारखे केले. पाटील मिशीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत राहिले.

"सांगा की. का बँकंचं गुपित हाय?"

"थोरल्या भावाचं," मी म्हणालो.

तात्याने मांडीवर थाप मारली. "ऐका, पाटील! ह्येंच्या घरी तूप, आन् आमाला तेल खाया सांगत्यात!" पाटील मोठ्याने हसले. तात्याही हसला, पण त्याच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं. मग त्याने अंगठा उठवला, पाटलांनी सही केली, आणि मी कागद घडी करून खिशात ठेवले.

निघताना गोठ्याच्या आडून ती पुढे आली. कपाळ मोकळं, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, कडेवर पोर. वय बावीस-तेवीस असेल.

"दादा, तितं बँकंत माज्यासाठी काय लिवून ठिवलं न्हाय का त्येंनी?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून आत गेली.

कागद मीच भरला होता, हे मी तिला सांगितलं नाही.

बारामतीहून मोटारीने मी इंदापूरला घरी गेलो. माझी बायको तेव्हा दादांकडेच असे. मुंबईत जागा मिळायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कालव्यावरून येऊन भाकरी खायला बसले. वहिनी चुलीपाशी होत्या, बायको पाणी भरत होती. मी शिपायाची सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणालो, "दादा, मी माझ्या कागदावरचं नाव बदलावं म्हणतो."

दादांनी हातातला घास खाली ठेवला नाही. खाल्ला, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, "कागद तुजा हाय."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटंल. वाटूंदे." भाकरीचा दुसरा तुकडा मोडत म्हणाले, "येक सांग. मी हिला घराभायेर काढीन, आसं तुला कवा वाटलं का?"

"त्या शिपायालाही कधी वाटलं नव्हतं, दादा."

हे बोलायला नको होतं. दादांनी ताटात हात धुतला. भाकरी अर्धी राहिली होती. मागून वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी खुशाल लिवा. आमाला तर कुनी कुठंच लिवलं न्हाय. कालव्याच्या कामाला कुठला आलाय रकाना." त्या पाठमोऱ्या होत्या; हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

मी मुंबईला निघालो की दादा नेहमी मोटारीपर्यंत वळकटी घेऊन येत. त्या दिवशी त्यांची पाण्याची पाळी होती, असं वहिनींनी सांगितलं. वळकटी मीच नेली. मुंबईला पोचल्यावर मी नवा कागद भरला आणि त्यावर बायकोचं नाव लिहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. तिचं नाव मी पहिल्यांदाच लिहीत होतो. त्यानंतर दादा माझ्याशी वागायला पहिल्यासारखेच होते. फक्त माझी पत्रं ते देव्हाऱ्यात ठेवेनासे झाले. एवढं अंतर पडलं, आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात रजेवर आलो तेव्हा वाकडी वाट करून मी तात्याच्या घरी गेलो. दारात नवी गाडी उभी होती, जू टेकवलेलं. तात्या अंगणात दोर वळत होता. मी शिपायाच्या बायकोची चौकशी केली.

"गेली," तो म्हणाला. "बायकांचं जमंना. पोरीच्या दुधावरनं रोजची धुसफूस. कारखान्याच्या उसात कामाला गेली म्हनं. आमी काय जा म्हनलं नव्हतं." तो दोर वळत राहिला. "र्‍हा म्हनलं नव्हतं, त्ये बी खरं."

मी इंदापूरकडे जाताना मध्येच मोटारीतून उतरलो आणि कारखान्याच्या शेतांकडे चालत गेलो. तोड चालू होती. पाचटाच्या खोपट्यांची रांग, चुलींचा धूर, आणि सगळीकडे मळीचा आंबट वास. तिला शोधायला फार वेळ लागला नाही. तोडलेल्या उसाच्या फडात ती वाढं गोळा करून त्यांच्या मोळ्या बांधत होती. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, बैलांना घालतात तो. पाचटाने तिचे हात कोपरापर्यंत कापले होते. पोर बांधावर गोणपाटात झोपलं होतं. तिने मला ओळखलं आणि डोईवरचा पदर सावरला.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. कागद मी भरला. साहेब बायकोचं नाव घाला म्हणाले होते. आमच्याकडे तशी पद्धत नाही, असं मी त्यांना सांगितलं. मी हे मनाशी बरेच दिवस जुळवून ठेवलं होतं. बोललो तेव्हा फार थोडं वाटलं.

तिने मोळीची गाठ आवळली. "त्येंनी सांगितलं त्येच लिवलं न्हवं तुमी?"

"हो."

"मग तुमचा काय दोस?"

ती मला दोषातून मोकळं करत होती. तेवढं ऐकून मी परत फिरलो असतो तर चाललं असतं. पण मी तिथेच उभा राहिलो, म्हणून तिने विचारलं, "लिवल्यालं येकदा लिवलं की झालं आसंल न्हवं? मागनं बदलाया येत न्हाय?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"येतं," मी म्हणालो. "कधीही येतं. एक अर्ज करायचा. दर वर्षी तशी नोटीस लागते."

"कुठं?"

"भिंतीवर. इंग्रजीत."

"लावतं कोन?"

"मी."

ती जराशी हसल्यासारखी झाली, किंवा उन्हाने तिचे डोळे बारीक झाले असतील. मग तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"तीन वरसं तुमी दोगं तितंच हुता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. हिशेब जुळवून बघावा तशी ती बोलली.

फडाच्या टोकाकडून मुकादमाची हाक आली, "ए बाय, गप्पा माराया रोज मिळतोय व्हय? गाडी थांबलीया!" तिने वाकून मोळी उचलली. ती एकटीच्या डोक्यावर जाईना. मी पुढे होऊन हात लावला. मोळी डोक्यावर बसली, तशी ती वळली आणि गाडीच्या दिशेने चालू लागली.